काकूंना एक स्ट्रिप अडीच महिने पुरते

मागच्या पावसाळ्यात आईला तापासाठी चार दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. घरी सोडताना जो कागद मिळाला, त्यावर तिची आधीपासून चालू असलेली औषधेही नव्याने उतरवून दिली होती. संधिवातासाठी ती गेली काही वर्षे मेथोट्रेक्सेट घेते. त्या नावापुढे १-०-० (म्हणजे रोज सकाळी एक) आणि पुढे ३० दिवस असे लिहिलेले होते, म्हणून नेहमीच्या मेडिकलमध्ये जाऊन मी तीस गोळ्या मागितल्या. खण उघडायला वळलेले फार्मासिस्ट तसेच थांबले आणि म्हणाले, "तीस कशाला? काकूंना एक स्ट्रिप अडीच महिने पुरते. त्यांचा वार शनिवार ना?"

मी कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला, गोळ्या दिल्या नाहीत आणि आधी रुग्णालयात फोन करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी कागद बदलून मिळाला. ज्याने लिहिले त्याने सवयीने लिहिले असावे; इतर सगळी औषधे रोजची असताना एकाच ओळीत हात वेगळा चालायला हवा होता, तो चालला नाही. त्या माणसावर माझा राग नाही. मात्र मीही तो कागद वाचला होता, आई शनिवारी ती गोळी घेते हे मला ठाऊक होते आणि तरीही माझ्या लक्षात आले नाही, ही गोष्ट मला अजून बोचते.

संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी घ्यायचे असते. पेशींना विभाजनासाठी लागणाऱ्या फोलेटच्या कामात ते अडथळा आणते. आठवड्याच्या छोट्या मात्रेत त्याचा उपयोग बिथरलेली प्रतिकारशक्ती आवरायला होतो, पण तीच गोळी रोज पोटात गेली तर अस्थिमज्जेला आणि तोंडाच्या व आतड्याच्या अस्तराला सावरायला उसंतच मिळत नाही. तोंड सोलवटते, पांढऱ्या पेशी घसरतात, साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो, आणि वयामुळे मूत्रपिंडे मंदावलेली असतील तर हे अधिक लवकर घडते. त्यात सोबत दिली जाणारी फोलिक ॲसिडची गोळीही बऱ्याचदा तशीच छोटी आणि पिवळी असते, त्यामुळे दोन्हींत गल्लत होऊ शकते. ही चूक केवळ आपल्याकडची नाही. आठवड्याची गोळी रोज घेतली गेल्याने मृत्यूही होत राहिले, म्हणून युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये या औषधाच्या वेष्टनावर ठळक सूचना देण्यासह अनेक उपाय सुचवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्याची जागतिक मोहीम सुरू केली, ती अशाच चुकांसाठी.

आमच्या फार्मासिस्टनी ही चूक पकडली ती औषधशास्त्राच्या ज्ञानामुळे, हे खरेच; पण त्याहीपेक्षा आमच्या खरेदीचा वेग त्यांच्या लक्षात होता म्हणून. संधिवाताच्या डॉक्टरांना आईचे सांधे माहीत आहेत, तापावर उपचार करणाऱ्यांना तिचा ताप माहीत होता, पण सगळ्यांच्या चिठ्ठ्या येऊन पडतात त्या एकाच काउंटरवर. उद्या लघवीच्या संसर्गासाठी तिसऱ्याच डॉक्टरांनी कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक लिहून दिले, तर मेथोट्रेक्सेटसोबत ते अस्थिमज्जेला घातक ठरू शकते, आणि त्या दोन चिठ्ठ्या एकत्र पाहणारा माणूस बहुधा फार्मासिस्टच असेल. असे इशारे संगणकही देऊ शकतो, आणि द्यावेत. परंतु इशारा वाचून गोळी हातात धरून ठेवणारे कोणी तरी असावे लागते.

कायद्याने हे काम त्यांच्याकडे कधीच सोपवलेले आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते, आणि २०१५ च्या व्यवसाय नियमांत रुग्णाला समजावून सांगणे हेही त्याचे कर्तव्य मानले आहे. प्रत्यक्षात काही दुकानांत भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे, दुकान दुसऱ्याचे आणि काउंटरवर तिसराच, अशी तऱ्हा असते. प्रमाणपत्र भाड्याने देणे हा शब्दप्रयोग आपल्याला खटकेनासा झाला आहे, याचे मला अधिक वाईट वाटते.

पण सगळा दोष त्यांच्यावर टाकून मोकळे होणेही बरोबर नाही. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात, नियंत्रणाखालील औषधांवर किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के नफा धरलेला आहे. त्या हिशेबात विचारलेल्या प्रश्नाला किंमत नाही, आणि न दिलेल्या गोळीला तर नाहीच. त्या दिवशी आमच्या फार्मासिस्टनी स्वतःच्या दुकानाची विक्री बुडवली. आम्ही मात्र "२० टक्के सूट" ही पाटी पाहून दुकान बदलतो, औषध कसे घ्यायचे हे कोणी सांगू लागले तर "माहीत आहे, लवकर द्या" म्हणतो, आणि बिल मागत नाही. सल्ल्यासाठी वेगळे शुल्क असावे असे माझे मत आहे. ते अनेकांना रुचणार नाही, पण फुकटच्या सल्ल्याला आपण जी किंमत देतो ती मी रांगेत उभा राहून पाहिलेली आहे.

एक लहान गोष्ट राहिली. चार गोळ्या हव्या असल्या की कात्रीने स्ट्रिप कापून मिळते, आणि पुष्कळदा नाव आणि मुदतीची तारीख दुकानातल्या तुकड्यावर राहते. घरी डब्यात असे अनाम तुकडे साठतात. मी आता नाव असलेली बाजू मागून घेतो. नसेल तर पाकिटावर नाव, मुदत आणि कधी घ्यायची ते लिहून मागतो. आईच्या स्ट्रिपवर निळ्या पेनाने "फक्त शनिवार" असे लिहिलेले असते, आणि गोळी घेतली की ती दिनदर्शिकेतल्या त्या तारखेवर फुली मारते.

गेल्या आठवड्यात स्ट्रिप संपली म्हणून गेलो, तर फार्मासिस्ट जेवायला घरी गेले होते आणि काउंटरवर त्यांचा मदतनीस मुलगा होता. चिठ्ठी पाहून तो म्हणाला, "दादा, थोडे थांबा. ही गोळी सर आल्याशिवाय मी काढत नाही." मागच्या गृहस्थांनी घड्याळाकडे पाहून सुस्कारा टाकला. मी बाजूच्या बाकावर वीस मिनिटे बसून राहिलो.