जुन्या फोटोंच्या प्रदर्शनात मागची बाजूही दाखवा

जुन्या डॉक्युमेंटरी फोटोंच्या प्रदर्शनांबद्दल एक तक्रार आहे, आणि ती दूर करायला फार पैसे लागत नाहीत. फोटोखालच्या लेबलवर एकच साल असतं, फोटो काढल्याचं. प्रिंट कधी झाला, कुणी केला, कशावर केला, याबद्दल अवाक्षर नसतं. '१९४७' लिहिलेल्या फ्रेममध्ये त्या काळचा डार्करूममधला प्रिंट असू शकतो, किंवा मागच्या महिन्यात स्कॅन करून काढलेला इंकजेट. दोन्ही दाखवायला हरकत नाही, पण काय दाखवताय ते सांगा की! निगेटिव्हनंतर साधारण पाचेक वर्षांत, छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली केलेला तो व्हिंटेज, असा ढोबळ संकेत आहे. नंतरच्या प्रिंटला तो शब्द लावू नये.

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचंच उदाहरण घ्या. जे.जे.मध्ये शिकल्या, १९४२ पासून दिल्लीत ब्रिटिश इन्फर्मेशन सर्व्हिसेसमध्ये काम केलं, १९७० मध्ये कॅमेरा कायमचा ठेवून दिला. त्यांचा संग्रह अल्काझी फाउंडेशन या कलासंस्थेकडे आहे. सुरुवातीला त्यांचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापून येत. अशा कामात प्रिंटच्या पाठीवरचा शिक्का, पेन्सिलीतलं हस्ताक्षर, टाइप करून डकवलेली कॅप्शन हाच पुरावा असतो. आणि आपण नेमकी तीच बाजू भिंतीकडे करून टांगतो. निवडक चार-पाच प्रिंट दोन काचांच्या मध्ये उभे करा, लोकांना मागून फिरून बघू दे.

प्रेस प्रिंट, म्हणजे वर्तमानपत्रासाठी केलेला प्रिंट, वाचायचा असतो. स्पीड ग्राफिकसारख्या कॅमेऱ्यात एका होल्डरमध्ये ४ बाय ५ इंची फिल्मचे दोनच तुकडे बसत आणि फ्लॅशचा बल्ब एका फोटोत जळून जाई. त्याचा उजेड जवळच्यांवरच पडे, म्हणून अशा कामात माणसं लख्ख आणि मागचा भाग काळा दिसतो. ब्लॉक, म्हणजे छपाईचा धातूचा ठसा, करायला चकचकीत कागद लागे, कारण खरखरीत पोत ब्लॉकमध्ये डागासारखा उमटतो. कडेच्या ग्रीस पेन्सिलच्या रेघा म्हणजे संपादकाने लावलेली कात्री, आणि डोक्याभोवती पांढऱ्या रंगाचा हात फिरलेला दिसला तर तो रिटचिंगवाल्याचा. काही ठिकाणी असे प्रिंट 'स्वच्छ' करून लावतात. गुन्हाच म्हणायचा.

प्रिंट पारखायचा तर बाजूला सरकून तिरक्या उजेडात बघा. गडद भागात, विशेषतः कडांना, निळसर धातूसारखी चकाकी दिसली तर ती वर आलेली चांदी (कृष्णधवल प्रिंटमधलं चित्र चांदीच्या कणांचंच असतं). हवेतल्या गंधकाने, प्लायवूडच्या किंवा ताज्या रंगाच्या वाफांनी चांदीचे कण विरघळतात आणि पृष्ठभागावर येऊन पुन्हा चांदी होतात. पिवळट-तपकिरी डाग बहुधा हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, नीट न धुतल्याचे. जाड कागदाला वाहत्या पाण्यात तासभर लागतो, आणि अंकाच्या घाईत तेवढा वेळ कोण देणार? १९५० च्या दशकाच्या मध्यापासून कागदात चमक आणणारी द्रव्यं आली. त्यामुळे १९४७ चा म्हणून दिलेला प्रिंट अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळा उजळला, तर तो नंतरचा समजा. (हे गॅलरीवाल्यांनी करायचं, आपण टॉर्च घेऊन जायचं नाही.)

मुंबईत खरा शत्रू पावसाळा. दमटपणात प्रिंटवरच्या चित्राच्या थरातलं (इमल्शनमधलं) जिलेटिन मऊ पडतं आणि प्रिंट काचेला चिकटतो. मग ओढला की इमल्शन काचेवरच राहतं. म्हणून मध्ये माउंटबोर्डचं अंतर हवंच, तेही आम्लरहित बोर्डाचं, आणि प्रिंट कागदी कोपऱ्यांत बसवलेला, डिंकाने नव्हे. आर्द्रता ३५ ते ५० टक्के ठेवावी. ६५ च्या वर बुरशी धरते, आणि जुन्या कॅप्शनच्या खळीवर कसर येते ती वेगळीच. संध्याकाळी कुलूप लावताना एसी बंद करणं सगळ्यात वाईट, कारण रोजच्या चढ-उताराने कागद वळतो. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास पुरे. त्यावर 'अंधार आहे' अशी कुरकुर करणाऱ्यांनी दोन मिनिटं थांबावं, डोळे सरावतात. तीन-चार महिन्यांनी प्रिंट उतरवून अंधारात ठेवावेत.

घरी असे प्रिंट असतील तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका आणि पाठीवर बॉलपेनने नावं लिहू नका, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिल घ्या, कडेला हलक्या हाताने लिहा.