नकाशा निघायच्या आधी विचारा ना

आमच्या दक्षिण नागपुरातल्या लेआउटच्या ओपन स्पेसवर विरंगुळा केंद्र आणि सोबत छोटं जिम होणार म्हणे, आणि तेव्हापासून लेआउटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसती जुंपलीये. पोरं म्हणतात आम्ही क्रिकेट कुठे खेळायचं, काका लोक म्हणतात आमच्यासाठी आजवर काय बांधलं, तिसरे म्हणतात समाजभवनच करा म्हणजे लग्नाला भाड्याने देता येईल. मी कॅलिफोर्नियात, आई-बाबा तिकडे दोघंच, म्हणून बोलतोय. सगळ्यांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, पण नकाशा आधी तयार झाला आणि लोकांना नंतर कळलं, मग भांडणाशिवाय उरतं काय?

इथे आमच्या गावात असंच सेंटर व्हायचं होतं तेव्हा आर्किटेक्टने रेघ मारायच्या आधीच मीटिंगा झाल्या, भिंतीवर मोठे कागद लावले आणि ज्याला जे पाहिजे त्याने तिथे रंगीत टिकली चिकटवायची. हे काही चांगुलपणा म्हणून होत नाही बरं का. इथे 1953 पासून ब्राउन अॅक्ट नावाचा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे, कौन्सिलच्या नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा 72 तास आधी लावावाच लागतो आणि लोकांना बोलू द्यावं लागतं. शिवाय अशा इमारतीसाठी शहराला मालमत्ता कराच्या जोरावर कर्जरोखे काढायचे तर दोन तृतीयांश मतं लागतात, मग लोकांना नाराज करून चालतच नाही.

पण इथलं सगळं जसंच्या तसं उचलून न्या असं मी अजिबात म्हणणार नाही. संध्याकाळच्या त्या मीटिंगांना येतात कोण, तर स्वतःचं घर असलेले रिटायर्ड लोक. भाडेकरू, दोन शिफ्ट करणारे, लहान लेकरांच्या आया दिसतच नाहीत, आणि पार्किंगवरून चार शेजारी अडून बसले की काम वर्षानुवर्षं लोंबकळतं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. 1966 च्या नगररचना कायद्यात हरकती-सूचना आहेत, पण त्या शहराच्या विकास आराखड्यावर आणि त्याही प्रारूप छापून आल्यावर. 2009 मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे आपापल्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद झाली, ती आपल्यापैकी कोणी भरलेली पाहिली का? पुण्यात 2006 च्या सुमारापासून नागरिक बजेटमध्ये कामं सुचवतात. आपल्याकडे तर 2022 मध्ये मनपाची मुदत संपल्यावर कितीतरी काळ प्रशासकच होता, नगरसेवकाला गाठून सांगावं तर नगरसेवकच नव्हता.

आणि विचारलं नाही की काय होतं ते या नकाशातच दिसतं. वाचनालय पहिल्या माळ्यावर आणि लिफ्ट नाही, मग गुडघे गेलेली माणसं वर चढणार कशी? वेळ सकाळी आणि संध्याकाळी, दुपारी बंद. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा माझे बाबा सहालाच फिरून येतात आणि दिवसभर कूलरपुढे एकटे, त्यांना केंद्र पाहिजे ते नेमकं दुपारी! बायकांसाठी वेगळं टॉयलेट नाही. आईचं भजनी मंडळ दर आठवड्याला कोणाच्या तरी हॉलमध्ये दाटीवाटीने बसतं, त्यांना कोणी विचारलंच नाही, कारण त्या ग्रुपवर लिहीत नाहीत. कॅरम आणि पेपर ठेवले की ज्येष्ठांचं झालं असं धरून चालतात, त्यात बायका कुठे आहेत? आणि चावी कोणाकडे राहणार, लाइट बिल कोण भरणार, हे तर नकाशात नसतंच. बाजूच्या लेआउटमधलं सभागृह लग्न सोडलं तर कुलपातच असतं.

वर्क ऑर्डर अजून निघालेली नाही म्हणतात. मग एका रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत मैदानातच जमा ना बाप्पा, नकाशातली इमारत आहे त्या मापात चुन्याने आखा, पोरांना दिसू द्या पिच किती जातं, म्हाताऱ्यांना दिसू द्या गेट ते दार किती चालायचं, कोपऱ्यात सरकवून दोन्ही बसतं का तेही कळेल. भजनी मंडळाकडे त्यांच्या वेळेला दोघं जण जा. जे ठरेल ते लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या आणि झोन ऑफिसला देऊन पोच घ्या. टायपिंग मी इकडून करून देतो.