आईचा आलेख रिकामा का आहे, ते ऐका

आज आईला नागपूरच्या धंतोलीत डॉक्टरांकडे नेलं होतं. आत जायच्या आधी काउंटरवरच्या मुलीने टॅब आमच्याकडे फिरवला. पेशंटने दुखण्याची नोंद घरूनच फोनवर भरायची, असं एक ॲप आहे. त्यातला आईच्या नावाचा आलेख, जवळजवळ रिकामा. "काकू, तुम्ही काही भरतच नाही. मग डॉक्टरांनी पाहायचं काय?" सगळ्या पेशंटांसमोर. आयुष्यभर शाळेत पोरांच्या वह्या तपासलेली माझी आई खाली मान घालून ऐकत होती. घरी आल्यापासून माझं डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहिते.

आईला आमवात आहे, ऱ्हुमॅटॉइड. वयानुसार गुडघे झिजतात तो आजार वेगळा. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, आणि बहुतेकांची सुरुवात हातापायांच्या लहान सांध्यांपासून होते. रात्रभर हालचाल नसते, त्यामुळे सकाळी हात आखडलेले. तासभर, कधी त्याहून जास्त वेळ मूठ धड उघडत नाही, धड वळत नाही.

आणि हे ॲप वाजतं सकाळी सातला! दुखणं शून्य ते दहा, त्यासाठी एक बारीक ठिपका बोटाने धरून सरकवायचा. मग माणसाच्या चित्रावर दुखणारा एकेक सांधा दाबून दाखवायचा. डॉक्टर मोजतात त्या 28 सांध्यांपैकी 20 हाताच्या बोटांचेच असतात, आणि पडद्यावर ती बोटं तांदळाच्या दाण्याएवढी. बोटाने दाबायची जागा साधारण 9 मिलिमीटर तरी हवी, असं अँड्रॉइडवालेच सांगतात. ज्यांचे सांधे सुजलेत त्यांच्यासाठीच्या ॲपमध्ये ते कोणी पाहिलं नाही? आई म्हणते, "माय, बोटच सरळ होत नाही वं, तं दाबू कुठं?"

वरून सगळं इंग्रजीत. नागपुरात काय फक्त नागपूरचे पेशंट येतात? गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, पार छिंदवाडा-बालाघाटहून लोक येतात. ज्यांना दर खेपेला येणं परवडत नाही त्यांनाच याचा खरा उपयोग होता. फोनमध्ये मराठीत बोलून लिहायची सोय केव्हाची आहे. "आज उजवं मनगट सुजलं" एवढं तिला तोंडाने सांगू द्या ना.

हो, उपयोग आहे, मान्य. डॉक्टरांची तारीख येईपर्यंत सूज उतरलेली असते, तेव्हा आधी ॲपमध्ये काढून ठेवलेला फोटो कामी येतो. माझी मामेबहीण तिशीतच याच आजारात सापडली, ती असं ॲप व्यवस्थित वापरते. बरं.

पण गोळीचं काय? मेथोट्रेक्सेट या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, तोंड सोलतं, जीवसुद्धा जाऊ शकतो. आणि या ॲपमध्ये गोळीचं नाव टाकलं की घंटी आपोआप रोजची लागते! मी आत शिरून ती फक्त रविवारची केली. ज्या घरात पोरं पुण्याला आणि म्हातारी एकटी, तिथे कोण करणार? ती बिचारी फोन सांगतो म्हणून घेईल. हे लिहितानाही माझा हात थरथरतोय.

आणि आई नोंद ठेवत नाही असं त्या मुलीने म्हणावं? आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. दुधाच्या हिशोबाशेजारी रविवारच्या गोळीची फुली आणि हात आखडलेल्या दिवसाला गोल. पेन मुठीत धरून काढते, म्हणून गोल वाकडे येतात. या पावसाळ्यात तर गोलच गोल. पोळ्याच्या दिवशीही आहे. त्या दिवशी तिला कणीक मळता आली नाही, पुरणपोळ्या शेजारच्या वहिनींनी आणून दिल्या, आणि आई दिवसभर गप्प होती. तो दिवस कोणत्या आकड्यावर सरकवायचा?

मी त्या पानांचे फोटो काढून नेले होते. डॉक्टरांनी नीट पाहिले, पावसाळ्याबद्दल दोन-चार प्रश्न विचारले, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. म्हणजे पाहायला होतं की! निघताना आईच त्या मुलीला "येते गं बाळा" म्हणाली. पोरगी वाईट नसेल, तिला पडद्यावर दिसलं ते ती बोलली. पण पडदा रिकामा म्हणजे पेशंट बेफिकीर, हे तिला शिकवलं कोणी?

हे वाचणारे कितीतरी जण आयटीत आहात. कोणी असं काही बनवत असाल तर आधी सकाळी आमच्याकडे या. फोन आईच्या हातात द्या आणि तिचं भरून होईपर्यंत शेजारी बसा. चहा-पोहे मी करते. आणि बाकीच्यांनो, घरात कोणी मेथोट्रेक्सेट घेत असेल तर त्यांच्या फोनमधली घंटी रोजची आहे की आठवड्याची, ते आत्ता उठून पाहा.