मुखवटा भित्र्याचा? कुंडलात येऊन म्हणा

भावकीच्या ग्रुपवर तात्यांनी परवा एक मेसेज टाकला. दहावीतल्या पुतण्यानं तो लगेच स्टेटसला लावला, म्हणून हे लिहायची वेळ आली. मेसेजात तीन गोष्टी आहेत. सुपरहिरोंचे सिनेमे म्हणजे निखळ करमणूक होती, राजकारण आत्ता घुसडलं. छळछावण्या वगैरे त्यात उगाच ओढून आणतात. आणि खरा वीर तोंड लपवत नाही, मुखवटा भित्र्याचा. आपल्या मातीत असलं खपलं नसतं.

‘आत्ता’ म्हणजे कधी हो? कॅप्टन अमेरिका या सुपरहिरोच्या कॉमिकच्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा मारतोय. अंकावर मार्च १९४१ छापलंय, पण तो विकायला आला डिसेंबर १९४० मध्ये. अमेरिका युद्धात उतरायला तेव्हा वर्षभर अवकाश होता. काढणारे जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघंही ज्यू घरातले.

छावणीचं म्हणाल तर २००० सालचा ‘एक्स-मेन’ सुरूच होतो १९४४ च्या पोलंडमध्ये, फाटकापाशी आईपासून तोडलेल्या पोरापासून. म्हातारपणी, जन्मतः अचाट शक्ती असलेल्या ‘वेगळ्या’ माणसांच्या सक्तीच्या नोंदणीची भाषा ऐकून तो का पिसाळतो, ते फाटक बघितल्याशिवाय कळत नाही.

अर्धं खरं एवढंच, की हे नायक नेहमी दडपलेल्यांच्या बाजूनं नसतात. १९४३ च्या बॅटमनच्या मालिकापटात जपानी वंशाच्या लोकांना उचलून नेणाऱ्या अमेरिकी सरकारला चक्क शहाणं म्हटलंय. पण मग तेही राजकारणच झालं की!

डोकं फिरलं ते तिसऱ्या मुद्द्यावर. तात्या, त्याच १९४३ सालच्या ७ जूनला इंग्रजांविरुद्ध आपल्या कुंडलच्या मुलखात चाललेल्या प्रतिसरकारच्या माणसांनी शेणोलीला पगाराचे पैसे नेणारी रेल्वे लुटली. जाताना नाव-पत्ता ठेवून गेले होते काय? त्यांचे पुढारी नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत होते. भित्रे होते का ते? तोंड ते एकटे लपवत नव्हते, गावंच्या गावं त्यांना झाकत होती.

आणि तुमची आई? वैरणीच्या भाऱ्यात भाकरीची चवड घालून मळ्यात कोण न्यायचं? माझ्या लहानपणी आज्जी हे सांगायची. भाऱ्याची गाठ कशी मारायची तेही हातानं दाखवायची. पण कुणाला नेत होतीस, असं विचारलं की पदर सावरून एकच उत्तर, “पाव्हणा हुता.” स्वातंत्र्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती, तरी तिनं नाव सांगितलं नाही.