साहेब कुठी बसन मंग?

आज सकाळी पानठेल्यावर डोकं तापलं ते अजून थंड झालं नाही, म्हणून लिहून राहिलो. पोरं मोबाईलवर कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातला जेसीबीचा व्हिडिओ पाहून राहिले होते. कोण्या आरोपीचं घर पाडलं, धूळ उडाली, मागून गाणं. आमचा पुतण्या म्हणते, "काका, असा निकाल पाह्यजे! कोर्टात कायले जा लागते? साहेबालेच पावर देऊन टाका, एका दिवसात मोकळं." बाकीचे हसले. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते हा, कलमं तोंडपाठ आहेत. मी चहा तसाच ठेवून उठलो.

याच्याच आजोबाले, म्हणजे माझ्या बाबाले, साहेबाच्या पावरनं काय दिलं ते याले माहीत नाही असं नाही ना. त्याच घरात वाढला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९९८ मधी आमचं पावणेतीन एकर वावर तलावात गेलं. जमीन घेणारं सरकार आणि भाव ठरवणारंही सरकारच, भूसंपादन अधिकारी म्हणजे शेवटी महसूलचाच साहेब. त्यानं निवाड्यात वावर कोरडवाहू लिहिलं. विहीर होती हो! अकरा संत्र्याची झाडं होती! कागदावर नाही म्हणजे नाही. बाबा विचारायला गेले तर दोन-दोन तास दाराशी उभे. त्या हापिसात बाबाले कोणी "बसा" म्हटलं नाही, एकदाही नाही. ही खुर्चीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं येते.

तेव्हा १८९४ चा इंग्रजांचा भूसंपादन कायदा चालू होता. वकील साहेबांनी सांगितलं म्हणून बाबांनी पैसे घेताना 'हरकत राखून' असं लिहून सही केली. ते दोन शब्द नसते तर रेफरन्सच, म्हणजे भावाचा वाद कोर्टाकडे पाठवा असा अर्जच, करता आला नसता. आमच्या धुऱ्यावरचे काका आनंदात सही ठोकून आले, मग बसले कपाळाला हात लावून. आणि गंमत पहा, रेफरन्सचा अर्जही त्याच साहेबाकडे द्यायचा, तोच कोर्टाकडे पाठवणार. पण एकदा तो कागद दिवाणी जजपुढं गेला ना, की मग साहेब आणि बाबा सारखे. जजनं विचारलं विहिरीचा पुरावा काय, वकिलांनी सातबारा दाखवला, विहिरीची नोंद त्यावर चक्क होती. म्हणजे साहेबाच्याच खात्याचा कागद साहेबानं वाचला नव्हता. २००९ ला निकाल लागला. वाढीव मोबदला, वर जबरदस्तीनं जमीन घेतल्याबद्दल ३० टक्के दिलासा रक्कम, ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढं १५ टक्के व्याज.

आता साहेबालेच पावर दिली असती तर विहिरीचं कोणाला विचारायचं होतं रे बाळा? साहेबालेच ना?

कलमं पाठ आहेत म्हणते तर कलम ५० सांगावं त्यानं. सरकारी कामकाजातून न्यायदान वेगळं करा, असं घटनेतच लिहिलं आहे. १ एप्रिल १९७४ पासून तेव्हाचा नवा फौजदारी प्रक्रिया कायदा आला तेव्हा मॅजिस्ट्रेट देशभर दोन जातीचे झाले, एक हायकोर्टाच्या हाताखालचा, एक सरकारच्या हाताखालचा. म्हणून आपला तहसीलदार चॅप्टर केस (शांतता राखायचा बाँड लिहून घ्यायची) चालवू शकते, पण साध्या चोरीची शिक्षा देऊ शकत नाही. उगाच नाही केलं हे. पकडणारा, पुरावा आणणारा आणि शिक्षा देणारा एकाच जेवणाच्या डब्यातले असले की काय होते हे गावात राहणाऱ्याले कोणी शिकवायची गरज नाही.

पुतण्याचं दुसरं म्हणणं असं, की मंत्री तरी आपण निवडतो, जज कोण निवडते? बरोबर आहे. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे, १९९९ च्या एप्रिलमधी एका मतानं वाजपेयींचं सरकार पडलं, सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. जजचं तसं नाही. आणि जजनंच जज निवडायचे हे कॉलेजियमचं मलाही पुरतं पटत नाही, दुसरी पद्धत आणली होती ती २०१५ मधी सुप्रीम कोर्टानं स्वतःच रद्द केली, असो. पण जरा विचार करा ना, तलाव दहा गावाले पाह्यजे होता, वावर गेलेली आमच्यासारखी घरं मोजकीच. मतं मोजली असती तर बाबा शंभर वेळा हरले असते. कोणता पुढारी एका म्हाताऱ्याच्या विहिरीसाठी दहा गावं नाराज करते? मतं न मोजणारा कोणीतरी एक माणूस पाह्यजेच होता, आणि तो काळ्या कोटातच भेटला.

उशीर? हो, लागला. भयानक लागला. पण कोणामुळं? सरकारनं वर अपील केलं, २०१६ पर्यंत ते चाललं, तिथंही बाबाच जिंकले. तरी पैसे नाही. सरकारवरची डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूम, बजवायची तर कायद्यानं आधी तीन महिने थांबायचं, मग दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, टाकायची. व्याज चढून राहिलं, ते कोणाच्या खिशातून जाते? तुमच्या-माझ्याच. साहेबाच्या पगारातून दमडी कापत नाही.

आता खुर्ची. २०१८ मधी कोर्टानं जप्ती वॉरंट काढलं. कोर्टाचा बेलीफ यादी घेऊन हापिसात गेला, टेबल, पंखे, संगणक, साहेबाची खुर्ची. बाबा, मी, आणि पिशवी धरून हाच पुतण्या, तेव्हा शाळेत होता. बेलीफनं खुर्चीला हात लावला तर अख्खं हापिस उभं राहिलं. एक बाबू पळत आला, "बसा ना बाबा, बसा, च्या घेता का?" वीस वर्षांत पहिल्यांदा. आणि बाबा काय म्हणाले माहीत आहे? बेलीफला म्हणे, "राहू द्या जी, खुर्ची नोका नेऊ. साहेब कुठी बसन मंग?"

मी तिथंच बाबांवर ओरडलो. आजही आठवलं की राग येते. साहेबानं महिन्याची मुदत लिहून दिली, खुर्ची तिथंच राहिली, आणि महिन्याचे सात महिने होऊन अर्धीच रक्कम आली.

दिल्लीतही हेच आहे, फक्त खुर्च्या मोठ्या. सुप्रीम कोर्टाकडे ना पोलीस ना तिजोरी. कलम १४४ म्हणते की सगळ्या अधिकाऱ्यांनी सुप्रीम कोर्टाला मदत करावी, पण मदत करणारा हात सरकारचाच. जज फक्त लिहू शकते. आपल्या अमरावतीचे गवई साहेब आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी १३ नोव्हेंबर २०२४ ला याच जेसीबीवर लिहिलं, की आरोपी आहे म्हणून घर पाडायचं नाही, अधिकारी जज होऊ शकत नाही, १५ दिवसांची नोटीस द्या, नियम मोडून पाडलं तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. रस्त्यावरचं, नदीपात्रातलं अतिक्रमण त्यातून वगळलं आहे, तेही ठीक. हे सगळं पोरगं परीक्षेत लिहून मार्क घेईल आणि ठेल्यावर टाळ्या वाजवेल.

इथपर्यंत लिहिलं आणि त्याचा व्हॉट्सॲप आला. "काका रागावू नका. पण आजोबाची वीस वर्षं तर कोर्टातच गेली ना?"

काय उत्तर देऊ. पिशवी धरून उभा होता तो त्या दिवशी. मी त्याला सांगितलं होतं की आज पैसे घेऊनच जाऊ, येताना तुला बूट घेऊ. बूट काही घेतले नाहीत. त्याला जेसीबी का आवडते ते मला आता थोडं कळून राहिलं, तरी पटत नाही. पोस्ट डिलीट करणार होतो, नाही करत.

बाबा बाहेर बाजेवर पडले आहेत. त्यांना विचारलं, खुर्ची का नाही नेऊ दिली? म्हणे, "कोन्ती खुर्ची?" विसरले.

बाकीच्या अर्ध्या रकमेची पेशी सोमवारी आहे. बाबांना एसटीचे धक्के सहन होत नाहीत, म्हणून भाड्याची गाडी सांगितली. पुतण्या चालवतो म्हणाला.