उपदेशक कोण निवडतो? यूट्यूबच्या आधीचा हिशेब

ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. पूर्वी मंडळी, म्हणजे चर्चमधील विश्वासणाऱ्यांचा समुदाय, उपदेशकाची विद्वत्ता आणि चारित्र्य पाहून त्याचे ऐकत असे, ती कसोटी यूट्यूबने मोडली, असे त्यात म्हटलेले असते. माध्यम हे निव्वळ वाहक असल्याने खरा उपदेशक कोठेही वर येतोच, आणि आता मधले सारे अडसर दूर झाल्यामुळे कोणाचे ऐकायचे हे श्रोता स्वतः ठरवतो, असेही तोच मजकूर सांगतो. दुसरे विधान खरे मानले तर पहिल्यातील तक्रारीला जागाच उरत नाही. तरीही तिन्हींचा वेगवेगळा विचार केलेला बरा.

पहिल्या विधानाची परीक्षा अमेरिकेतील नभोवाणीच्या इतिहासावर करता येते. २ जानेवारी १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने एका चर्चमधील उपासना प्रथमच प्रक्षेपित केली, तेव्हा मुख्य पाळकांना या प्रयोगाचा फारसा भरवसा नसल्याने प्रवचन सहायकाने दिले. पुढे एनबीसी या नभोवाणी केंद्रांच्या मोठ्या जाळ्याने धार्मिक कार्यक्रमांसाठी वेळ विकायचा नाही, तो विनामूल्य द्यायचा, असे धोरण १९२८ साली स्वीकारले आणि प्रोटेस्टंटांच्या वाट्याचा वेळ फेडरल कौन्सिल ऑफ चर्चेस या संघटनेच्या शिफारशीने वाटला. साहजिकच पंथभेदाच्या वादात न शिरणाऱ्या, सर्वांना रुचेल असे बोलणाऱ्या हॅरी एमर्सन फॉस्डिक यांच्यासारख्या उपदेशकांना देशभर श्रोते मिळाले. कडव्या मूलतत्त्ववादी उपदेशकांना या दारातून प्रवेश नव्हता, म्हणून त्यांनी मिळेल तेथे वेळ विकत घेतला. कॅलिफोर्नियाचे चार्ल्स फुलर १९३७ पासून म्युच्युअल या जाळ्यावरून देशभर ऐकू येऊ लागले ते याच मार्गाने. १९४४ साली म्युच्युअलनेही असे कार्यक्रम रविवारच्या सकाळपुरते मर्यादित केले आणि त्यांतून देणग्या मागण्यास बंदी घातली.

खरी उलथापालथ १९६० साली झाली. धर्मासाठी विनामूल्य वेळ दिला नाही आणि तो विकला, तरी परवान्यासाठी केंद्राने पाळायची लोकसेवेची अट पूर्ण होते, अशी भूमिका प्रक्षेपणाचे परवाने देणाऱ्या तेथील संघीय दळणवळण आयोगाने घेतली. जे विकता येते ते फुकट कोण देईल? १९५९ साली धार्मिक प्रक्षेपणापैकी ५३ टक्के भाग विकत घेतलेल्या वेळेतला होता. १९७७ पर्यंत तो ९२ टक्क्यांवर गेला. जुन्या प्रतिष्ठित मंडळ्यांचे उपदेशक मागे पडले आणि प्रेक्षकांकडून अर्पण मिळवण्याची हातोटी असलेले दूरचित्रवाणी-सुवार्तिक पुढे आले. या काळात श्रोत्यांची भक्ती घटली किंवा बुद्धी बदलली असे मानण्याचे कारण नाही. बदलला तो वेळेचा व्यवहार. विद्वत्ता आणि चारित्र्याच्या कसोटीविषयी बोलायचे, तर १९३० च्या दशकात लक्षावधी अमेरिकनांनी नभोवाणीवरून ज्यांचे मनापासून ऐकले ते फादर चार्ल्स कॉफलिन अखेरीस उघड यहुदीद्वेष पसरवू लागले होते. त्याही वेळी यूट्यूब नव्हते.

माध्यम निव्वळ वाहक असते, या दुसऱ्या विधानाला अमेरिकन मुद्रक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकातच उत्तर देऊन ठेवले आहे. ते जॉर्ज व्हाइटफील्ड या फिरत्या उपदेशकाचे मित्र होते आणि त्याच्या लेखनाचे मुद्रकही. फिलाडेल्फियात व्हाइटफील्ड उघड्यावर बोलत असताना त्याच्यापासून दूर मागे सरत जाऊन त्याचा आवाज कोठवर पोहोचतो हे त्यांनी पाहिले आणि तो तीस हजारांहून अधिक लोकांना ऐकू जाऊ शकेल असा हिशेब मांडला. मात्र त्याच माणसाचे छापील लेखन त्याच्या विरोधकांच्या पथ्यावर पडले, कारण बोलण्यातील चूक नंतर सावरून घेता येते, छापलेली येत नाही, असे त्यांनी नोंदवले. त्याहून मार्मिक निरीक्षण असे, की गावोगाव तेच प्रवचन देऊन त्याचा प्रत्येक स्वर घोटला गेला होता आणि एका जागी राहणाऱ्या पाळकाला ही सोय नसते. दर रविवारी नवा संदेश तयार करणाऱ्या आपल्याकडील पाळकाची तुलना आज निवडक, कापून-जोडून नीट केलेल्या चित्रफितींशी होते. ही अडचण त्याच जातीची आहे. २०२० च्या टाळेबंदीत उपासना मोबाईलवर आली, तेव्हा ही अडचण अनेक मंडळ्यांना एकदमच जाणवली.

नवे माध्यम उथळांनाच वर आणते, हेही खरे नाही. लुव्हेन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेले बिशप फुल्टन शीन १९५२ पासून फळा आणि खडू घेऊन दूरचित्रवाणीवर बोलत आणि त्यांना दूरचित्रवाणीसाठीचा एमी पुरस्कारही मिळाला. मराठीत नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपदेशासाठी कीर्तनाचा स्वीकार केला, तेव्हा गळा, ताल आणि काव्य अंगी असलेल्यांना महत्त्व आले. नुसते व्याख्यान देणाऱ्यांना त्या आखाड्यात उतरता येईना.

तिसरे विधान सर्वांत कच्चे आहे. यूट्यूबने २०१२ साली शिफारशींसाठी नुसत्या क्लिकऐवजी पाहण्यात गेलेल्या वेळेला महत्त्व दिले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये शॉर्ट्स हा प्रकार भारतातच प्रथम आणला, तोही सुरुवातीला पंधरा सेकंदांचा. चाळीस मिनिटांचा संदेश आणि पंधरा सेकंदांचा तुकडा यांत यशस्वी होणारे उपदेशक एकच असतील हे संभवत नाही, आणि हे दोन्ही निर्णय कोणत्याही श्रोत्याने घेतलेले नाहीत. मधला माणूस गेलेला नाही; तो ओळखू येईनासा झाला आहे, इतकेच. एनबीसीच्या धोरणाने बाहेर राहिलेल्या उपदेशकांना आपल्याला कोणी अडवले हे ठाऊक होते, म्हणूनच १९४४ साली त्यांनी स्वतःची संघटना उभारून नियम बदलण्यासाठी पाठपुरावा केला. आज एखाद्या पाळकाचा संदेश कोणाच्याच पडद्यावर येत नसेल, तर तक्रार कोणाकडे न्यायची हे त्याला कोणी सांगू शकत नाही.