डोंगर फुटणार नाही, भिंत पडेल

आज सकाळपासून जो तो एकच व्हिडिओ पाठवतोय. लालभडक लाव्हा, छातीत धडकी भरवणारं संगीत आणि मागून कुणीतरी ओरडतंय, "यलोस्टोनखाली भूकंपांची रांग लागली, महाज्वालामुखी जागा झाला, आता सह्याद्रीची पाळी!" मग कोयना धरणाचा फोटो. मग चक्क आपला पन्हाळा, त्याच्या कड्यातून धूर निघतोय. पाठवणाऱ्यांत इंजिनिअर आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, माझ्याच वर्गातल्या दोन मैत्रिणी आहेत. सगळ्यांनी खाली लिहिलंय, "काळजी घ्या." काळजी म्हणजे नक्की काय घ्यायची, हे एकानंही लिहिलेलं नाही.

असलं काही आलं की मी एरवी पुसून टाकते आणि कामाला लागते. आज तसं करवलं नाही, कारण दुपारी आत्तीचा फोन आला.

आत्ती शाहूवाडी तालुक्यात राहते, वारणेच्या खोऱ्यात वरच्या अंगाला. सत्तरीच्या आतबाहेरची, घरात एकटी, गोठ्यात दोन म्हशी. आवाज इतका खाली की आधी मला वाटलं कुणी गेलं. म्हणाली, "पोरी, डोंगर फुटनार म्हनत्यात. आपला समदा डोंगर ज्वालामुखीचाच हाय म्हनं. रातीला म्हसरांची दावी सोडून ठेवू काय? बांधल्याली जनावरं जागच्या जागी मरत्यात गं."

ह्या बाईनं 1967 चा कोयनेचा भूकंप बघितलाय. 11 डिसेंबर, पहाटेचे साडेचारही वाजले नव्हते. 6.3 चा धक्का. कोयनानगर जमीनदोस्त झालं, जवळपास 180 माणसं गेली. आत्ती तेव्हा लहान पोर होती, आजोबांनी तिला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं होतं. पुढं वारणेचं धरण झालं, 1985 पासून त्यात पाणी साठायला लागलं, आणि 1993-94 मध्ये तिकडंही पाचच्या वरचे धक्के बसले. तेही तिनं काढले. बारकं काही हललं तर ती हातातली भाकरी खाली ठेवत नाही. ती बाई आज एका व्हिडिओनं घाबरली. राग ह्याचा आलाय मला.

तर आधी त्या यलोस्टोनचं बघू. ते अमेरिकेतलं राष्ट्रीय उद्यान, बरंचसं वायोमिंग राज्यात, आणि त्याच्याखाली महाज्वालामुखी आहे. तिथं तीन महाप्रचंड उद्रेक झाले : सुमारे 21 लाख, 13 लाख आणि 6 लाख 40 हजार वर्षांपूर्वी. शेवटचा साधा लाव्हा वाहिला त्यालाही 70 हजार वर्षं झाली. आणि भूकंप? तिथं दरवर्षी दीड ते अडीच हजार भूकंप होतात. दरवर्षी! बरेचसे झुंडीनं येतात, म्हणजे एक मोठा धक्का आणि मागून बारके असं नाही, तर एकाच जागी थोड्या दिवसांत शेकडो बारके. 2017 च्या उन्हाळ्यात तिथं तीन महिन्यांत दोन हजारांच्या वर धक्के नोंदले गेले. 1985 मध्ये त्याहून मोठी झुंड येऊन गेली. पुढं काय झालं? काही नाही. खालचं गरम पाणी भेगांतून सरकतं, त्या दाबानं आधीच ताणलेला खडक थोडा घसरतो, धक्के बसतात, पाणी वाट काढतं, धक्के थांबतात. तिथली जमीनसुद्धा वर-खाली होत असते. 2004 नंतर काही वर्षं ती फुगत गेली, मग पुन्हा बसायला लागली. तसला महाउद्रेक एखाद्या वर्षात होण्याची शक्यता अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणानं 7 लाख 30 हजारांत एक अशी मांडलीय. खाली बराचसा खडक घट्ट आहे, वितळलेला भाग थोडा. "आता वेळ भरली" म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, तीन उद्रेकांच्या मधल्या दोन अंतरांवरून कसलं वेळापत्रक काढलं?

आणि त्या भागातली माणसं खरोखर कशानं मेली तेही ऐका. 17 ऑगस्ट 1959, त्या उद्यानाच्या पश्चिमेला हेब्गेन तलावाजवळ 7.3 चा भूकंप. डोंगराची कड रात्री खाली आली, तंबूत झोपलेल्या माणसांवर. 28 जणं गेली. लाव्हाचा थेंब नाही. भूकंप आणि दरड, बस्स.

आता आपला सह्याद्री. हो, ज्वालामुखीचाच आहे. ज्योतिबाच्या डोंगरापासून अंबाबाईच्या देवळाच्या दगडापर्यंत सगळा तोच काळा पाषाण. पण ते 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचं प्रकरण आहे. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, थरावर थर लाव्हा पसरला, अजूनही पाच लाख चौरस किलोमीटरवर तो खडक आहे. त्यानंतर आपला अख्खा भूखंड उत्तरेला सरकत गेला. ज्या उष्ण झोतातून तो लाव्हा आला असं मानतात, तो आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून जिवंत आहे. आपल्याखाली उद्रेकाला लागणारा रस नाही. पन्हाळ्यातून धूर निघणार नाही. आत्तीला हेच सांगितलं, म्हटलं, "आत्ती, आपला डोंगर थंड झालाय, माणूस जन्मायच्या आधीच." ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मग ही भित का हालती गं?"

इथं माझा आवाज उतरला. कारण भिंत खरंच हलते.

कोयना-वारणेचे धक्के खरे आहेत, आणि ते धरणाच्या पाण्याशी बांधलेले आहेत. तलाव भरताना आणि उतरताना खालच्या भेगांवरचा भार बदलतो, पाणी मुरत खोल जातं, खडकांतलं घर्षण कमी होतं. 67 चा धक्का तर धरणाच्या पाण्यानं चेतवलेला जगातला सगळ्यात मोठा भूकंप म्हणून ओळखला जातो. ते समजून घ्यायला कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, कोयना भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडक तपासलाय. हे आपल्या उशाशी चाललंय आणि आपल्याला वायोमिंग माहीत! पालघरकडंही असंच दुर्लक्ष. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत भूकंपांची झुंड सुरू झाली, तीही ह्याच काळ्या खडकाच्या मुलखात. लोक थंडीत घराबाहेर तंबूत झोपले. त्याचा व्हिडिओ कुणी पाठवला होता मला? कुणीच नाही. आदिवासी पाड्यातल्या भिंती पडल्या तर त्याला संगीत लावत नाहीत.

आत्तीच्या भिंतीबद्दल सांगते. मागच्या दाराच्या वर चौकटीपासून एक चीर निघालीय, तिरकी, पार देवळीपर्यंत. देवळीत ती रॉकेलची चिमणी ठेवायची, आता ठेवत नाही, कारण देवळीचा खालचा दगड पुढं आलाय. चिरेत माझी चार बोटं जातात. तिनं चिंध्या कोंबून वरून शेणामातीनं लिंपलंय, ते लिंपणही मधोमध उललंय. भिंत हातभर जाड, दगड-मातीची. बाहेरून बघितली तर वाटावं तोफगोळा लागला तरी पडायची नाही. पण ती एक भिंत नसतेच. आतल्या बाजूचे दगड वेगळे, बाहेरच्या बाजूचे वेगळे, मधे गोट्या आणि माती. हादरा बसला की दोन्ही बाजू सुटतात आणि फुगून ढासळतात.

किल्लारीला हेच झालं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमाराला, गणपती बोळवून माणसं झोपली होती. 6.2 चा धक्का, सुमारे 10 हजार माणसं गेली. 6.2 म्हणजे जगाच्या हिशेबानं फार मोठा नव्हे. पण जाड दगडी भिंती आणि वर माळवदाची टनावारी माती. माणसं झोपेतच गाडली गेली. ह्याला उपाय काय अवघड आहे काय? दाराच्या चौकटीच्या वर घराला चारी बाजूंनी सलग आडवा पट्टा, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर, कोपरे एकमेकांत गुंतवलेले, डोक्यावरचं ओझं कमी. किल्लारीनंतर हे सगळं कागदावर आलं, गवंड्यांना शिकवलंही गेलं.

आणि आत्तीच्या वाट्याला काय आलं? मागं एका धक्क्यानंतर ही चीर रुंदावली, तेव्हा ती एसटीनं जाऊन एका कचेरीत अर्ज देऊन आली. "पंचनाम्याला माणूस येईल." माणूस आला नाही. परत गेली तर म्हणे भिंत पडलेली नाही, नुकसान दिसत नाही. पडल्यावर अर्ज कोण देणार, आत्ती? माझी बोटं थरथरतात हे लिहिताना. त्या बाईला लाव्ह्याची भीती घालायला सगळे आहेत, चिरेत हात घालून बघायला कुणी नाही.

एक कबूल करते, करावंच लागेल. झुंड दर वेळी निरुपद्रवी असते असं नाही. इटलीत ल'अक्विलाला 2009 मध्ये महिनोन्महिने बारके धक्के बसले आणि मग 6.3 चा आला, तीनशेच्या वर माणसं गेली. तिथंही मारलं ते घरांनीच. आणि नेपल्सजवळ काम्पी फ्लेग्रेई आहे, तो खराखुरा महाज्वालामुखी, लाखो लोक त्याच्या तोंडावरच राहतात. 1538 मध्ये तिथं भूकंप होत, जमीन वर येत येत खरंच उद्रेक झाला होता, नवीन टेकडीच तयार झाली.

पण तिथलं पोत्सुओली गाव बघा. 1982 ते 84 मध्ये जमीन पावणेदोन मीटर वर आली, धक्क्यांवर धक्के, 40 हजार माणसांना घरं सोडावी लागली, आणि उद्रेक झालाच नाही. 2005 पासून जमीन पुन्हा चढतेय, 2025 मध्ये तर 4.6 चे धक्के बसले. तिथल्या आयाही रात्री पोरांना घेऊन गाडीत झोपल्या असतील. त्यांच्याबद्दल मला माया वाटते. पण त्यांच्याकडं 1841 पासूनची वेधशाळा आहे, इशाऱ्याचे रंग ठरलेत, कुठल्या गावानं कुठं जायचं ते ठरलंय. धक्के किती उथळ होत चाललेत, जमीन किती वेगानं फुगतेय, वायू बदलतोय का, हे सगळं एकत्र बघून ठरवतात. नुसते भूकंप मोजून नाही.

आणि हे आपल्याला कळत नाही असं म्हणू नका. पावसाळ्यात आपल्या कोल्हापुरात शेंबडं पोरगंसुद्धा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा विचारतं. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 30 फुटांवर पाणी आलं म्हणून आपण घर सोडत नाही, आणि 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं तेव्हा कुणाच्या व्हिडिओची वाट बघितली नाही, शेजारच्याला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. आकडा वाचणारं गाव आहे हे. मग भूकंपाच्या बाबतीतच आपली मती का जाते?

भीती वाटणं चूक नाही. पहाटे पायाखालची जमीन हलली की कुणालाही वाटेल. पण ती भीती विकून पोट भरणारे, आणि दोन सेकंदांत पुढं ढकलून "मी सावध केलं" असं समाधान मानणारे, ह्यांना आज मी माफ करणार नाही. ज्यांनी पाठवला त्या सगळ्यांना मी एकेक फोन करणार आहे. भांडायला नाही. आत्ती काय म्हणाली, तेवढंच सांगायला.

आत्तीला मी सांगितलंय, म्हशी बांधून ठेव, पण तू माजघरात झोपू नकोस, सोप्यात दाराजवळ झोप, आणि त्या देवळीच्या भिंतीला डोकं करून तर मुळीच नको. रविवारी मी जातेय. चिरेचे फोटो काढून अर्ज पुन्हा देणार, पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही. शाहूवाडी, शिराळा, पाटण ह्या भागात जुन्या दगडी घराला आडवा पट्टा घालायचं काम केलेला गवंडी कुणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. तिच्या आळीत अशीच आणखी घरं आहेत, काम एकदम निघेल. पैशाचं आम्ही भावंडं बघतो.